दुखणं शिकवायची साठ वर्षं

पाठ धरली की आपल्याकडे माणूस आधी दुखणं अंगावर काढतो. मग मलम, मग गोळी, मग एक्स-रे, शेवटी एमआरआय. रिपोर्टात काही निघालं नाही की डॉक्टर म्हणतात, ‘सगळं नॉर्मल आहे’, आणि घरचे विचारतात, ‘मग दुखतंय कशाला?’ महिनोन्‌महिने टिकलेल्या दुखण्याचा हा फेरा जगभर असाच चालतो. या रुग्णांना खोटं न ठरवता, आणि ऑपरेशनमागून ऑपरेशनही न करता, काय करता येईल याचा चिकाटीने विचार जिथे झाला, अशा जागांमध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं नाव अगदी वर घ्यावं लागतं. १९६० पासूनचा तिथला इतिहास वाचताना एक गोष्ट मला ठळक दिसते. तिथून कुठलं जादूचं औषध निघालं नाही. निघाली ती शिकवण्याची एक रीत: एका रुग्णासाठी वेगवेगळ्या शाखांच्या माणसांनी एकत्र बसायचं, आणि ते बसणंच शिकवायचं.

सुरुवात जॉन बोनिका यांच्यापासून. १९१७ साली सिसिलीजवळच्या फिलिकुदी या छोट्या बेटावर जन्म, लहानपणीच कुटुंबासह न्यूयॉर्कला स्थलांतर, आणि मेडिकलच्या शिक्षणाचा खर्च भागवायला कुस्ती. तोंडावर मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने ते पैशासाठी लढत. त्या कुस्त्यांनी शरीराची जी मोडतोड केली ती त्यांना उतारवयापर्यंत भोगावी लागली; वेदनेवरचा हा अधिकारी माणूस स्वतः जुनाट दुखण्याचा रुग्ण होता. १९४४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन या लष्करी इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून ते रुजू झाले, तेव्हा जखम भरून आलेले पण दुखणं न थांबलेले सैनिक त्यांच्यासमोर येऊ लागले. कापून टाकलेला पायसुद्धा दुखत होता. पाठ्यपुस्तकांत उत्तर शोधलं, तर १४,००० पानांत वेदनेवर मोजून साडेसतरा पानं सापडली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. मग त्यांनी सोबतच्या न्यूरोसर्जनला, अस्थिरोगतज्ज्ञाला, मानसोपचारतज्ज्ञाला विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाला हत्तीचा एकेक अवयव ठाऊक होता. १९५३ मध्ये त्यांचा ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा जाडजूड ग्रंथ आला. १९६० मध्ये ते विद्यापीठात भूलशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी न्यूरोसर्जन लॉवेल व्हाइट व परिचर्या शिकवणाऱ्या डोरोथी क्राउली यांच्यासह त्यांनी वेदनेचा दवाखाना सुरू केला. पहिल्या तिघांत एक परिचारिका होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रुग्ण रात्री कसा झोपतो हे तिलाच माहीत असतं.

पण जुनाट दुखण्याचा विचार मुळापासून बदलला तो भूलतज्ज्ञाने नाही, एका मानसशास्त्रज्ञाने. विल्बर्ट फोर्डाइस त्याच विद्यापीठात, पुनर्वसन विभागात काम करत. १९६८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुखणं कितीही खरं असलं तरी दुखण्याभोवतीचं वागणं शिकलेलं असतं. कण्हलं की बायको धावत येते, लंगडलं की काम सुटतं, कळ आली की गोळी मिळते. माणूस हे मुद्दाम करत नाही. पण वर्षभर असं चाललं की विश्रांती, गोळी आणि काळजी या तिन्ही गोष्टी वेदनेच्या मागे बांधल्या जातात, आणि शरीर दिवसेंदिवस दुबळं होत जातं.

त्यांच्या वॉर्डात ही गाठ कशी सोडवत, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिले एकदोन दिवस रुग्णाला सांगत, ‘झेपेल तेवढंच करा.’ समजा, तो दहा वेळा पाय उचलून थांबला. मग दुसऱ्या टप्प्यात त्याला दहा नाही, आठचंच लक्ष्य देत. आठ झाले की थांबायचं, दुखत नसलं तरी थांबायचं, आणि मग विश्रांती. दोन दिवसांनी नऊ, मग दहा, मग बारा. पूर्वी विश्रांती दुखल्यावर मिळायची, आता ती काम पुरं केल्यावर मिळू लागली. रोजचे आकडे आलेखावर चढत आणि तो आलेख रुग्णाच्या डोळ्यांसमोर असे. औषधाचंही तसंच. रुग्णाच्या नेहमीच्या गोळ्या रंग आणि चव झाकणाऱ्या गोड पाकात मिसळून ठरलेल्या वेळी द्यायच्या. दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे. मात्रा हळूहळू उतरवणार आहोत हे आधीच सांगितलेलं असे. आजच्या चमच्यात किती आहे एवढंच सांगत नसत. आणि नवऱ्याला किंवा बायकोला बोलावून शिकवत की कण्हण्यावर नव्हे, चालण्यावर लक्ष द्या. आज जिना चढून आला तर तेव्हा शेजारी बसून गप्पा मारा.

हे वाचून कुणाला कठोर वाटेल. मला त्यात मोठा आदर दिसतो. या पद्धतीत रुग्णाला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हटलं नाही. तू बदलू शकतोस, एवढं म्हटलं. आज फिजिओथेरपीत ‘पेसिंग’ म्हणून जे शिकवतात त्यामागे ही जुनी मांडणी मोठ्या प्रमाणात आहे.

त्याच दशकात, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाला वाट देणारी किंवा अडवणारी यंत्रणा असते आणि मेंदूकडून येणारे आदेश तिच्यावर परिणाम करतात, हे त्याचं सार. तपशील पुढे बरेच बदलले, पण मन आणि मज्जा यांना एका चौकटीत बसवायची सोय झाली. बोनिकांनी वेळ ओळखली. मे १९७३ मध्ये सिएटलजवळच्या इसाक्वा गावी त्यांनी जगभरातले सुमारे तीनशे संशोधक आणि डॉक्टर जमवले. एरवी एकमेकांची नियतकालिकंही न वाचणारी ही माणसं तिथे एकत्र बसली, आणि त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपी १९७४ मध्ये उभी राहिली. १९७५ मध्ये तिचं नियतकालिक ‘पेन’ सुरू झालं आणि पहिलं जागतिक अधिवेशन फ्लोरेन्सला भरलं. १९७९ मध्ये संघटनेने वेदनेची व्याख्या ठरवली, जी २०२० मध्ये सुधारली गेली. ज्या गटाने ती सुधारली त्याचे अध्यक्ष होते जॉन्स हॉपकिन्सचे श्रीनिवास राजा. रुग्ण दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान ठेवा, असं त्या व्याख्येच्या टिपांत आता स्पष्ट लिहिलेलं आहे.

बोनिकांनंतर केंद्राला खरा आकार दिला न्यूरोसर्जन जॉन लोसर यांनी. १९८२ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली बहुशाखीय वेदना-केंद्र बहरलं. रुग्ण तीनेक आठवडे, दिवसभर, व्यायाम, समुपदेशन, औषध-घट आणि कामावर परतण्याची तयारी या सगळ्यांतून जाई. लोसर वेदनेची चार वर्तुळं काढून शिकवत: आत इजेची जाणीव, मग वेदना, मग यातना, सर्वांत बाहेर वागणं. बाहेरून दिसतं ते शेवटचंच. कंबरेचं ऑपरेशन करू शकणारा शल्यविशारद शिकणाऱ्यांना ऑपरेशन कधी करू नये हे सांगतो, याचं वजन काही वेगळंच असणार. जगभरातून डॉक्टर इथे फेलोशिपसाठी येत आणि परत जाऊन आपापल्या गावी असंच केंद्र उभं करायला धडपडत.

मग नव्वदच्या दशकात हा डोलारा खचला. विमा कंपन्यांना तीन आठवड्यांचं पथक महाग वाटू लागलं. एकेक इंजेक्शन, एकेक ऑपरेशन यांचे पैसे त्या सहज देत, पण चार जणांनी एकत्र बसून विचार केला त्याचं बिल कुठल्या रकान्यात मांडणार? अमेरिकेत अशी केंद्रं एकामागून एक बंद पडली. नेमक्या त्याच सुमारास, १९९६ मध्ये, ऑक्सिकॉन्टिन ही अफूजन्य वेदनाशामक गोळी बाजारात आली. एकट्या डॉक्टरला पंधरा मिनिटांत देता येण्याजोगं उत्तर हाती आलं. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी योग्य असलेली अफूजन्य औषधं पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं दिली जाऊ लागली. पुढे व्यसन आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू यांचा अनर्थ ओढवला. वॉशिंग्टन राज्यात तो आकड्यांत पकडला गॅरी फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी: कामावर इजा झालेल्यांच्या नोंदी तपासल्यावर १९९५ ते २००२ या काळातले ३२ मृत्यू डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेमुळे निश्चित किंवा बहुधा झाले, असं त्यांनी २००५ मध्ये दाखवलं. कामावरच्या इजेवर उपचार घ्यायला आलेली ही माणसं होती. २००७ मध्ये राज्याने मार्गदर्शिका काढली: मॉर्फिनच्या हिशेबात दिवसाला १२० मिलिग्रॅमच्या वर जायचं तर आधी वेदनातज्ज्ञाचा सल्ला घ्या.

पण सल्ला घ्यायचा कोणाचा? या प्रश्नाने विद्यापीठाला पुन्हा शिकवण्याकडे वळवलं. वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांसाठी डॉक्टर घडवणारं हे मेडिकल कॉलेज. मोंटानातल्या खेड्यातल्या डॉक्टरला तज्ज्ञ गाठायचा तर दिवसभराचा प्रवास. तेव्हा डेव्हिड टॉबेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘टेलिपेन’ सुरू केलं. न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यकृताच्या आजारासाठी घडवलेल्या ‘इको’ पद्धतीचाच हा अवतार. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, व्हिडिओवर पथक बसतं: भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्तीचे जाणकार, पुनर्वसनवाले, परिचारिका. आधी थोडं शिकवणं, मग दूरच्या दवाखान्यातला डॉक्टर आपला रुग्ण मांडतो, नाव न सांगता: वय, किती वर्षं दुखतंय, कोणत्या गोळ्या, झोप कशी, घरी कोण, काम सुटलंय का. पथक आपसात बोलतं, मतभेद होतात, आणि इतर ठिकाणी बसलेले ऐकून शिकतात. लोसरांचा तीन आठवड्यांचा कार्यक्रम गेला, पण त्यांचं टेबल असं परत आलं.

विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातही बदल झाला. २००९ ते २०११ दरम्यान चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणात वेदनेचे सक्तीचे तास ६ वरून २५ वर नेले. पंचवीस तास म्हणजे काही फार नव्हे, हे कबूल. पण आधीचे सहा आठवावेत: डॉक्टरकडे येणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी तक्रार, आणि तिच्यासाठी एक पूर्ण दिवससुद्धा नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी वेदना-शिक्षणाची जी उत्कृष्टता केंद्रं निवडली, त्यांत हे विद्यापीठ होतं.

संशोधनही थांबलेलं नव्हतं. भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या वेळी आभासी हिमप्रदेशात बर्फाचे गोळे फेकायला लावून वेदना कमी करणारं ‘स्नोवर्ल्ड’ इथल्याच हार्बरव्ह्यू इस्पितळात रुजलं. २०१५ मध्ये जेन बॅलन्टाइन आणि मार्क सुलिव्हन यांनी लिहिलं की जुनाट दुखण्यात ‘दहापैकी किती?’ हा आकडा खाली आणणं हेच ध्येय धरलं तर औषधच वाढत जातं. त्यावरून मोठा वाद पेटला, रुग्णांनी रागाने पत्रं लिहिली. त्यांचा राग समजण्यासारखा होता, तरी लेखकांचं बरोबर होतं असं मला वाटतं. आणि २०१६ मध्ये सिएटलमधल्या ३४२ पाठदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास आला, ज्यात विद्यापीठातल्या ज्युडिथ टर्नर सहभागी होत्या. सव्वीस आठवड्यांनी रोजच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेले सजगता-गटात ६०.५ टक्के, विचार-वर्तन उपचारांच्या गटात ५७.७ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४४.१ टक्के. ध्यान आणि योग असलेला तो सजगतेचा कार्यक्रम. इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस मौनात बसून आलेल्यांना त्यातला बराच भाग ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे प्रश्नाचा चेहरा उलटा आहे. अमेरिकेत मॉर्फिन फार झालं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कर्करोगाच्या रुग्णालाही ते मिळेना, आणि २०१४ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत उपशामक उपचार करणारे डॉक्टर एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना हा स्वतंत्र घटक भूलशास्त्राखाली आला, हे चांगलं झालं. पण फक्त भूलशास्त्राखाली आला. फिजिओथेरपीचे, नर्सिंगचे, मानसशास्त्राचे विद्यार्थी त्याच रुग्णाबद्दल वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वर्षी शिकतात, आणि एकमेकांना प्रथम भेटतात ते नोकरी लागल्यावर. ‘इको’ पद्धत बंगळूरच्या निम्हान्सने मानसिक आरोग्यासाठी कधीचीच आणली आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने आठवड्यातून एकदा आपला पाठदुखीचा रुग्ण मुंबई-पुण्याच्या पथकासमोर मराठीत मांडावा, शेजारी फिजिओथेरपिस्ट आणि सिस्टर बसलेली असावी, एवढ्यासाठी नवं यंत्र लागत नाही. आठवड्यातले दीड तास लागतात, आणि ते दीड तास कामाचेच आहेत असं मानणारा अधीक्षक लागतो.