नवरात्राचा उपवास आणि मधुमेहाच्या गोळ्या: साखर अचानक कमी होऊ नये म्हणून काय करावे?

घटस्थापना झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी उपवास सुरू होतात. कुणी नऊ दिवस करते, कुणी उठता-बसता करते, कुणी पायात चप्पल घालत नाही. याच दिवसांत दवाखान्यात एक चित्र नेहमी दिसते. साठी ओलांडलेल्या आजींना घरचे लोक धरून आणतात. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध. घरच्यांचे म्हणणे असते, "उपवासानं अशक्तपणा आलाय, सलाईन लावा." बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासले तर साखर 45 किंवा 50. विचारल्यावर कळते की सकाळी सातला साखरेची गोळी नेहमीसारखीच घेतली, आणि दुपारपर्यंत पोटात फक्त दोन कप चहा गेला.

यात चूक देवीच्या उपवासाची नाही आणि एकट्या गोळीचीही नाही. गोळी आणि जेवण यांचा मेळ तुटला, एवढेच झाले. हा मेळ कसा सांभाळायचा, ते या लेखात पाहू.

साखर कमी झाली म्हणजे नेमके काय?

मधुमेहाचे उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्याला 'हायपोग्लायसेमिया' म्हणतात. बोलताना आपण 'शुगर लो झाली' म्हणतो. 54 च्या खाली गेली तर ती गंभीर बाब समजावी. मेंदूला सतत साखर लागते. ती मिळाली नाही की आधी गोंधळ, मग झटके आणि शेवटी बेशुद्धी येते.

जास्त साखर शरीराचे नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षे करते. कमी साखर काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. म्हणून दोन्हींची काळजी घ्यायची, पण घाई कमी साखरेची करायची.

लक्षणे कशी ओळखाल?

- अचानक खूप भूक लागणे, घाम फुटणे, हातपाय थरथरणे
- छातीत धडधड, घाबरल्यासारखे वाटणे
- डोळ्यांपुढे अंधारी, डोके दुखणे, ओठ व जिभेला मुंग्या
- विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे, झोप अनावर होणे
- रात्री असेल तर भयंकर स्वप्ने, घामाने भिजलेले कपडे, सकाळी डोके जड

ही लक्षणे घरच्यांना अनेकदा दुसरेच काही वाटतात. ऊन लागले, पित्त झाले, दारू प्यायला आहे, किंवा नवरात्रात 'अंगात आलंय' असेही वाटू शकते. श्रद्धा आपल्या जागी राहू द्या, पण माणूस मधुमेहाचा असेल तर आधी साखर तपासा. मशीन नसेल तर साखर कमी झाली असे धरूनच उपाय करा. म्हाताऱ्या माणसांत घाम-थरथर न होता थेट गोंधळ किंवा भोवळ येऊ शकते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

'साखरेची गोळी' म्हणून आपण जी घेतो तिच्यात बरेच प्रकार आहेत. तुमच्या पाकिटावरील औषधाचे मूळ नाव वाचा किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

साखर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. लक्षात ठेवायला सोपे, नावाची सुरुवात 'ग्लि'ने होते. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. जेवण आले नाही तरी इन्सुलिन सुटतच राहते आणि साखर खाली जाते. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम जास्त वेळ टिकतो, म्हणून साठीपुढच्या रुग्णांना ती शक्यतो देत नाहीत. तुमच्या घरी वयस्कर माणसाला ती चालू असेल तर डॉक्टरांशी बोला. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

एकट्याने घेतल्यास सहसा साखर फार खाली न नेणाऱ्या गोळ्या: मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, पायोग्लिटाझोन, व्होग्लिबोज. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायला सांगतात ते पोट बिघडू नये म्हणून.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. साखर सहसा फार खाली जात नाही, पण लांब उपवासात शरीर कोरडे पडणे आणि रक्तात आम्ल वाढणे हा वेगळा धोका असतो. उपवासाआधी या गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

एक अडचण अशी की बऱ्याच रुग्णांची गोळी 'जोडगोळी' असते. एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, कधी सोबत व्होग्लिबोजही. "मी तर एकच गोळी घेतो" असे रुग्ण सांगतो, पण त्या एकीत दोन-तीन औषधे असतात. पाकिटावरची सगळी नावे वाचा.

चहाबरोबर गोळी: रोजची चूक

हा प्रश्न फक्त उपवासाचा नाही. आपल्याकडे शेतात जाणारा माणूस सकाळी सहा-सातला चहा पितो, त्याच चहाबरोबर गोळी घेतो आणि निघतो. भाकरी सुटते अकरा-बारा वाजता. नवरात्राच्या आसपास सोयाबीनची काढणी असते, ऊसतोडीच्या हंगामात तर पहाटेच काम सुरू होते. पोट रिकामे, अंगमेहनत चालू आणि गोळीचा परिणाम सुरू. मेहनत करताना स्नायूही साखर वापरतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बांधावरच भोवळ येते.

डॉक्टर 'जेवणाआधी' म्हणतात त्याचा अर्थ 'सकाळी उठल्यावर' असा नाही. ग्लिमेपिराइडची गोळी पहिल्या मुख्य जेवणाच्या अगदी आधी किंवा त्या जेवणासोबत घ्यायची असते. सोपा नियम असा: ताट समोर आल्यावरच गोळी तोंडात. तुमची पहिली भाकरी अकराला असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. ते गोळीची वेळ किंवा गोळी बदलून देतील.

गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

उपवास करायचा असेल तर

नवरात्राच्या किमान दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. सगळी औषधे, जुने रिपोर्ट आणि साखरेच्या नोंदी सोबत न्या. कोणता उपवास, किती दिवस, दिवसातून किती वेळा खाणार, पायी चालणार का, हे सांगा. 'ग्लि' गटाच्या गोळीचा डोस बहुधा उपवासापुरता कमी करतात, वेळ बदलतात किंवा ती थांबवून दुसरी देतात. हे डॉक्टरांना न विचारता करू नका. सगळ्याच गोळ्या नऊ दिवस बंद ठेवल्या तर साखर 300-400 वर जाऊन वेगळेच संकट येते. आधी भेट झाली नाही आणि एखादे जेवण होणारच नसेल, तर त्या जेवणाची 'ग्लि' गटाची गोळी घेऊ नका आणि लगेच फोन करून पुढचे विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र इंजेक्शन स्वतःहून पूर्ण बंद करू नये.

यांनी कडक उपवास करू नये: टाइप 1 मधुमेहाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले, गेल्या काही महिन्यांत साखर कमी होऊन बेशुद्ध झालेले, साखर कमी झाल्याचे न जाणवणारे, आणि एकटे राहणारे वृद्ध. परंपरेतच सौम्य वाट आहे. उठता-बसता म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास, किंवा भाजलेल्या धान्याचा धान्यफराळ. घरातील दुसऱ्या कुणी उपवास धरला तरी चालतो. सासूबाईंना हे सुनेपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले जास्त पटते, म्हणून त्यांना सोबत घेऊन या.

उपवासाच्या ताटात काय असावे?

साबुदाणा आणि बटाटा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडीची भरलेली ताटली खाल्ली की साखर झपाट्याने चढते, आणि नंतर सहा-सात तास काही खाल्ले नाही की गोळीमुळे खाली येते. म्हणून एकदाच भरपूर खाण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खा.

- सकाळी: एक कप दूध, मूठभर शेंगदाणे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या
- दुपारी: एक वाटी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर
- चारच्या सुमारास: एक पेरू किंवा ताक
- रात्री: राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, दही

पाणी पीत राहा. निर्जळी उपवास मधुमेहात करू नये. साखर दिवसातून तीन-चार वेळा तपासा: सकाळी, दुपारच्या फराळाआधी, चार वाजता आणि झोपताना. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्या क्षणी उपवास सोडा.

रमजानच्या रोजांनाही हाच विचार लागू आहे. सकाळी एकदाच घ्यायची 'ग्लि' गटाची गोळी डॉक्टर सहसा इफ्तारच्या वेळी घ्यायला सांगतात. पण बदल रमजानच्या आधी ठरवून घ्यावा.

तुळजापूरला पायी जाताना

कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून हजारो भाविक चालत तुळजापूरला येतात. अंतर साधारण 45 किलोमीटर, चाल बहुतेक रात्रीची. इतके चालल्यावर साखर चालताना तर कमी होतेच, पण नंतरचे 24 तासही ती खाली जाऊ शकते. घरी येऊन झोपल्यावर त्रास होतो तो यामुळे.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा. गाठोड्यात नको, ते दुसऱ्याकडे राहते. 'मला मधुमेह आहे' अशी चिठ्ठी औषधांच्या नावांसह खिशात असू द्या. दर तासा-दीड तासाला थांबून थोडे खा. दर्शनाच्या रांगेतही पुडी जवळ हवी, कारण रांग किती वेळ चालेल सांगता येत नाही. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे अनवाणी चालू नका. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

साखर कमी झालीच तर: घरच्यांसाठी

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर:

1. काम थांबवून बसवा. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून लगेच पाजा. साखर उपवासाला चालतेच.
2. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. 70 च्या खालीच असेल किंवा त्रास थांबला नसेल तर तेवढेच पुन्हा द्या.
3. बरे वाटल्यावर अर्धी भाकरी, भगर किंवा केळे-दूध असे खायला द्या. नुसती साखर थोड्याच वेळात उतरते.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांनी सुरुवात करू नका. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर लवकर पचत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच वापरावी. ती मेडिकलमध्ये मिळते. घरात एक डबा ठेवाच.

बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि 'मधुमेहाचा रुग्ण आहे' असे आधी सांगा.

'ग्लि' गटाच्या गोळीने साखर कमी झाली असेल तर सलाईनने शुद्धीवर आल्यावर लगेच घरी नेण्याची घाई करू नका. गोळीचा अंमल बाकी असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. वयस्कर रुग्णात आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यात हे एक-दोन दिवसही चालू राहते. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न

*"माझी साखर तर कायम वाढलेली असते, मग साखर खाल्ली तर आणखी बिघडणार नाही का?"*
लक्षणे असताना तीन चमचे साखरेने झालेली वाढ नंतर आटोक्यात आणता येते. साखर न दिल्याने मेंदूला झालेली इजा मात्र कधी कधी भरून येत नाही. शंका असेल तेव्हा साखर द्या.

आठवड्यातून दोनदा जरी साखर 70 च्या खाली गेली, एकदाही बेशुद्धी आली, भूक किंवा वजन कमी झाले, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला किंवा दुसऱ्या आजारासाठी नवी औषधे सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. बहुतेक वेळा गोळीचा डोस किंवा वेळ बदलली की हा त्रास थांबतो. आज एवढे करा: घरातील मधुमेहाच्या माणसाच्या गोळीचे पाकीट हातात घ्या, त्यावर 'ग्लि'ने सुरू होणारे नाव आहे का ते पाहा, आणि ती गोळी घेतल्यावर ताट किती वेळाने येते ते विचारा.