हेब्बाळ तलाव : उड्डाणपुलाखालचं पक्षीतीर्थ

बेंगळुरू विमानतळाकडे जाताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून एका बाजूला जे पाणी दिसतं, तो हेब्बाळ तलाव. १५३७ च्या सुमारास बेंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांनी तो बांधला, असं मानतात. म्हणजे १६३८ मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हा तलाव शंभरीला पोचला होता!

🌿 तलाव मानवनिर्मित आहे. ओढ्याच्या खोऱ्यात आडवा बांध घालून पाणी अडवलं. इथलं जादा पाणी नागवारा तलावात आणि तिथून पुढच्या तळ्यांत उतरतं. बांध आणि काठ सांभाळला, तरच ही साखळी टिकते.

🐦 काठावर बागेतून फिरता येतं. दुर्बीण जवळ ठेवा : झोळीवाले पेलिकन, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, पाणकावळे आणि सतत बुड्या मारणारी टिबुकली. हिवाळ्यात स्थलांतरित बदकंही येतात.

🪨 परिसराचा इतिहास तलावाहूनही जुना. २०१८ मध्ये हेब्बाळात आठव्या शतकातला वीरगळ सापडला. राष्ट्रकूटांच्या सैन्याशी लढताना पडलेल्या कित्तय्याच्या या वीरगळावरचा शिलालेख बेंगळुरूतल्या सर्वांत जुन्या कन्नड लेखांपैकी एक आहे.

सकाळी लवकर जा. पक्ष्यांना पाव-फरसाण घालू नका आणि प्लास्टिक परत घेऊन या.

#हेब्बाळ #बेंगळुरू #पक्षीनिरीक्षण