लाटेवरील फळीचे पर : निवड आणि बसवणी

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या शिवारात उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळीचा विचार करणे वरवर पाहता विसंगत वाटेल. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. परंतु या विचारातील मूळ प्रश्न तेथील शेतकऱ्यास अपरिचित नाही. देशी नांगराचा फाळ जमिनीत किती खोल जावा हे तो जुवापासूनचे अंतर कमीअधिक करून व पाचर ठोकून ठरवितो. नांगर सुताराने एकदाच घडविलेला असतो; त्याची जुळणी मात्र शेताशेतागणिक नव्याने करावी लागते. घरी तयार केलेल्या सर्फबोर्डाला जागा बदलता येण्याजोगे पर कसे निवडावेत व कसे बसवावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय याच जातीचा आहे.

प्रथम पराचे कार्य पाहू. माशाच्या पराप्रमाणे फळीच्या तळाशी, शेपटीकडे, उभी बसविलेली पातळ पट्टी म्हणजे पर होय. फळी किंचित तिरकी झाली की पाणी या पट्टीवर कोनात आदळते आणि तिच्यावर बाजूने बल कार्य करू लागते. हे बल फळीच्या गुरुत्वमध्याच्या मागे लागत असल्यामुळे शेपूट पुन्हा प्रवाहाच्या रेषेत येते. बाणाच्या मागील टोकास पिसे लावण्यात हेच तत्त्व आहे. वळण घेतानाही हेच बल उपयोगी पडते. ते नसेल तर फळी लाटेच्या उतारावरून आडवी घसरू लागेल. हे बल पराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. म्हणूनच संथ लाटेवर अपुरा वाटणारा पर वेगवान लाटेवर पुरेसा ठरतो.

हवाई बेटांवरील जुन्या लाकडी फळ्यांना पर नव्हते. टॉम ब्लेक याने १९३५ मध्ये एका टाकून दिलेल्या मोटारबोटीचा कणा आपल्या फळीस जोडला, तो या दिशेने टाकलेला पहिला प्रसिद्ध प्रयोग होय. १९६० नंतरच्या दशकात जॉर्ज ग्रीनो याने टूना माशाच्या अवयवांवरून लवचीक पर घडविले. ऑस्ट्रेलियाचा सायमन अँडरसन याने तीन परांची रचना सिद्ध केली आणि १९८१ मध्ये बेल्स बीच येथील स्पर्धा त्याच रचनेवर जिंकली. आज तीच रचना सर्वाधिक रूढ आहे. काढघाल करता येणारे पर व त्यांच्या पेट्या आता सर्वत्र वापरल्या जातात.

परांच्या निवडीत चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्षेत्रफळ : स्वार जड असेल तर पर मोठा हवा. दुसरी, मागे झुकाव : पराचे टोक जितके मागे झुकलेले तितकी वळणे लांब व शांत, पर जितका ताठ तितकी वळणे आखूड व चपळ. तिसरी, लवचीकपणा : ताठर पर त्वरित प्रतिसाद देतो, तर लवणारा पर चुका काही अंशी पोटात घालतो. चौथी, छेदाचा आकार : मधला पर दोन्ही बाजूंनी सारखाच फुगीर असतो, बाजूचे पर सामान्यतः आतून सपाट व बाहेरून फुगीर असतात. नवशिक्याने मध्यम आकारापासून आरंभ करणे हेच श्रेयस्कर.

आता जागेचा प्रश्न. लांब फळीच्या मध्यरेषेवर सुमारे साडेदहा इंच लांबीची पेटी बसवितात. तिच्या खाचेत पर पुढेमागे सरकवून स्क्रूने घट्ट करता येतो. पर मागे सरकविल्यास फळी सरळ व स्थिर चालते. पुढे आणल्यास ती सहज वळते, परंतु तिचा ठामपणा कमी होतो. तीन परांच्या आखूड फळीत पुढील दोन परांची मागील कड शेपटीच्या टोकापासून सुमारे ११ इंचांवर, तर मधल्या पराची सुमारे साडेतीन इंचांवर येते. पुढील परांचा रोख किंचित आत, फळीच्या नाकाकडे, ठेवतात व त्यांना काही अंश बाहेर कलवितात.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अवश्य आहे. पुढील परांचा हा रोख बहुतेक पेट्यांत बदलता येत नाही. पेटी चिकटविली त्या क्षणीच तो कायमचा ठरतो. पराच्या तळाची लांबी ११५ मिलिमीटर धरली आणि त्याचे पुढील टोक मागील टोकापेक्षा ६ मिलिमीटर आत घेतले, तर सुमारे ३ अंशांचा कोन होतो. म्हणजे २ मिलिमीटरची चूक ही १ अंशाची, इष्ट कोनाच्या एकतृतीयांशाइतकी चूक होय. डावा व उजवा कोन भिन्न झाल्यास फळी एका अंगास ओढत राहील आणि कितीही महाग पर आणले तरी तो दोष जाणार नाही. तेव्हा सारा वेळ परांच्या निवडीत घालवून आखणी घाईने उरकणे हे उलटे शहाणपण आहे. मध्यरेषा प्रथम आखावी, दोन्ही बाजूंची मापे तिच्यापासूनच घ्यावीत आणि खोदण्यापूर्वी ती पुन्हा एकदा तपासावीत.

बसवणीत सामग्रीची निवड निर्णायक ठरते. पुष्कळ हौशी मंडळी फळीचा गाभा थर्माकोलचा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा, करतात. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन हा द्रव पॉलिस्टायरीनला विरघळवितो. असे रेझिन ओतल्यास पेटीभोवतीचा गाभा डोळ्यांदेखत खचून जातो. अशा गाभ्यास इपॉक्सी रेझिनच वापरावे. पॉलियुरेथेनच्या गाभ्यास दोन्ही रेझिने चालतात. खाच साच्याच्या आधाराने पेटीच्या मापाची कोरावी, रेझिनमध्ये काचतंतूंचे तुकडे मिसळून पेटी बसवावी आणि वरून काचतंतूंच्या कापडाचा थर द्यावा. पेटीचे तोंड आधीच चिकटपट्टीने बंद करावे. एकाच वेळी फार रेझिन ओतू नये. घट्ट होताना ते तापते व ती उष्णता गाभ्यास अपाय करते. भोवती केसाएवढी फट राहिली तरी पाणी आत झिरपते आणि फळी जड होत जाते.

पर बसल्यानंतर खरा प्रयोग सुरू होतो. एका वेळी एकच बदल करावा : पर तोच ठेवून जागा ५ मिलिमीटरने बदलावी, शक्यतो तशाच लाटांवर फळी वापरून पाहावी आणि निरीक्षण तेथल्या तेथे लिहून ठेवावे. पर व जागा एकदमच बदलल्यास परिणाम कशाचा हे कळणार नाही. पराच्या तीक्ष्ण कडा बारीक पॉलिश कागदाने बोथट कराव्यात. पडताना स्वतःच्याच परामुळे खोल जखमा होतात. समुद्रातून आल्यावर स्क्रू गोड्या पाण्याने धुवावेत.

२०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. परंतु प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचकास त्यातून मिळणारा बोध खेळापुरता मर्यादित नाही. उपकरणातील जो भाग हलविता येतो त्याची चूक उद्या सुधारता येईल. जो भाग एकदाच बसतो त्याची चूक प्रत्येक निरीक्षणात उतरते. नांगर घडविणारा सुतार हे जाणतो. फळी घडविणाऱ्यानेही ते पेटी चिकटविण्यापूर्वीच जाणले पाहिजे.