हौशी रेडिओतील मोर्स शिष्टाचार
हौशी रेडिओवर मोर्स संकेतांनी संभाषण करताना काही रूढ शिष्टाचार पाळले जातात. एकच वारंवारता अनेकजण वापरत असल्याने आधी ऐकणे, मग पाठवणे हा पहिला नियम होय. दूरच्या केंद्राचा क्षीण संकेत घाईच्या प्रक्षेपणाखाली सहज दडपला जातो. म्हणून प्रथम 'क्यूआरएल?' असे विचारून वारंवारता मोकळी असल्याची खात्री करतात आणि नंतरच 'सीक्यू' या संकेताने सर्वांना साद घालतात. शेवटी 'के' आल्यास कोणीही उत्तर देऊ शकतो. 'केएन' आल्यास केवळ संबोधित केंद्रच. उत्तर देणारा साद घालणाऱ्याहून अधिक वेगाने पाठवत नाही; 'क्यूआरएस' ही वेग कमी करण्याची विनंती असते. निरोपाचा '७३' म्हणजे शुभेच्छा, 'एसके' म्हणजे संभाषणाची समाप्ती. दिवंगत रेडिओचालकालाही 'एसके', अर्थात 'सायलेंट की' म्हणजे मूक झालेली कळ, असे म्हटले जाते.