लोहचुंबक कसा तयार होतो?

मोंढ्यातून आणलेल्या धान्यात कधी खिळा निघतो, कधी तारेचा तुकडा. तो ओढून धरावा म्हणून गिरणीत लोहचुंबक बसवतात.

ही ओढ येते कोठून? पोलादात अगदी बारीक बारीक चुंबकच असतात जणू. माळेगावच्या यात्रेतल्या जनावरांसारखी त्यांची तोंडे चहूकडे असतात. म्हणून ओढ दिसत नाही. कारखान्यात पोलादाभोवती तारेचे वेटोळे घालतात. त्यातून एकाच दिशेने विजेचा जोरदार प्रवाह सोडतात. मग सारी तोंडे एकीकडे वळतात. प्रवाह थांबला, तरी तशीच राहतात. मऊ लोखंडात मात्र ती पुन्हा विस्कटतात.

चुंबक फार तापला, वरचेवर आपटला, तर जोर जातो. मग खिळा पिठात अन् पिठातून पोटात! म्हणून आम्ही सांगतो, अधूनमधून खिळा लावून पाहा. पकड ढिली वाटली, तर चुंबक बदला.