पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचा

‘आजपासून गहू बंद.’ डॉक्टरांचे हे तीन शब्द ऐकून घरी आलेल्या आईला पहिली काळजी पडते ती मुलीच्या शाळेच्या डब्याची. पोळी नाही तर काय द्यायचे? भाकरी, घावन, डोसा, उपमाऐवजी पोहे असे करत आठवडाभरात त्याचे उत्तर सापडते. पाव, बिस्किटे, खारी, टोस्ट हेही घरातून जातात. आणि तरीही पाच-सहा महिन्यांनी वजनाचा काटा फारसा हललेला नसतो, पोटाच्या तक्रारी चालूच असतात, हिमोग्लोबिन वाढत नाही. मग घरात कुरबूर सुरू होते. ‘डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल गं, पोरीला एखादी पोळी खाऊ दे,’ असे आजी सुनेला म्हणतात.

अशा वेळी निदानावर शंका घेण्याआधी स्वयंपाकघरातले डबे आणि पाकिटे तपासावीत. पोळीतला गहू बंद झालेला असतो. पण हिंगाच्या डबीतला, मेतकुटातला, दुधात घालायच्या पावडरीतला गहू किंवा सातू चालूच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, तो लेबलावर वाचावा लागतो.

आजार कोणता?

ह्या आजाराचे नाव सिलिअ‍ॅक. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवटपणा येतो तो ह्याच्यामुळे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, न हटणारा पंडुरोग, मुलांची उंची खुंटणे, मोठ्यांत हाडे ठिसूळ होणे, काही स्त्रियांत गर्भधारणेच्या अडचणी अशी अनेक रूपे दिसतात. काही रुग्णांना पोटाचा त्रास जाणवतही नाही, मात्र आतड्याची हानी चालूच राहते.

गव्हाचा आणि ह्या आजाराचा संबंध दाखवून दिला तो विलेम डिके ह्या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. त्या काळात ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. ह्यावरचा प्रबंध डिके यांनी 1950 साली सादर केला. आजही ह्या आजारावर सिद्ध झालेला उपचार एकच आहे: ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे. पथ्य नीट पाळले तर आतडे भरून येते, मात्र त्याला काही महिने, मोठ्या माणसांत कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात.

आपल्याकडे हा आजार पोळीवर भर असलेल्या उत्तर भारतात अधिक आढळतो. तिथल्या एका पाहणीत साधारण शंभरात एकाला तो असल्याचे दिसले. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतूनही आता रोज पोळीच होते, तेव्हा तो आपल्या दारी येणार नाही असे समजू नये.

किती ग्लूटेन चालते?

‘चिमूटभराने काय होते?’ हा नेहमीचा प्रश्न. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. कणकेत वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के ग्लूटेन असते. म्हणजे एक किलो तांदळाच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की ही मर्यादा गाठली गेली! पाव ग्रॅम म्हणजे खरोखरच एक चिमूट. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या सूचना अतिरेकी वाटणार नाहीत.

लेबल कसे वाचावे?

टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत वाणसामानाला निघाल्यावर पिशवीबरोबर चष्माही घ्यावा. पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते ती जाहिरात असते. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत असते.

पहिली गोष्ट घटकांची यादी. नियमानुसार जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी, अशा उतरत्या क्रमाने ती छापलेली असते. ‘नाचणी बिस्किटे’ म्हणून घेतलेल्या पुड्यावर पहिले नाव गव्हाच्या पिठाचे किंवा मैद्याचे असेल, तर नाचणी केवळ नावाला आहे हे ओळखावे. ‘मल्टिग्रेन’ ह्या शब्दाचा अर्थ अनेक धान्ये एवढाच, आणि त्यांत गहू बहुधा असतोच.

लेबल बहुधा इंग्रजीत असते, म्हणून हे शब्द एका कागदावर उतरवून पाकिटात ठेवावेत: व्हीट, आटा, मैदा, रिफाइंड व्हीट फ्लोअर, सूजी, सेमोलिना, ड्यूरम, दलिया, व्हीट ब्रॅन, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय. ह्यांतला एकही दिसला तरी वस्तू परत फळीवर ठेवावी. माल्ट हा शब्द विशेष फसवा आहे. माल्ट बहुधा सातूचा असतो आणि तो दुधात घालायच्या पावडरींत, चॉकलेटांत व अनेक कॉर्नफ्लेक्समध्येही असतो. मका चालतो, परंतु माल्ट लावलेला मका चालत नाही. उलट माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव ऐकायला सारखे असले तरी तो वेगळा पदार्थ आहे. त्याला घाबरण्याचे सहसा कारण नाही.

दुसरी गोष्ट, यादीच्या खाली येणारी ‘कंटेन्स’ ही ओळ. 2020 सालच्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्य घटकांत असेल तर ते इथे जाहीर करावे लागते. ‘मे कंटेन’ असे लिहिले असेल तर त्याच कारखान्यात गहू हाताळला जातो आणि त्याचा अंश आला असण्याची शक्यता आहे, असा अर्थ घ्यावा. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने अशी वस्तू टाळलेली बरी.

तिसरी गोष्ट, हिरवा ठिपका. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो; मैद्याच्या बिस्किटावरही तो असतोच. तसेच ‘व्हीट-फ्री’ म्हणजे ‘ग्लूटेन-फ्री’ नव्हे, कारण गहू नसला तरी सातू असू शकतो. ओट्स स्वतः बऱ्याच रुग्णांना सोसतात, परंतु त्यांत गव्हाची सरमिसळ फार होते. म्हणून ते ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलेच, आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

मसाल्याची अगदी छोटी पुडी घेताना सावध राहावे. इतक्या लहान वेष्टनावर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. त्यामुळे तोच मसाला मोठ्या पाकिटातून घ्यावा. आणि एकदा वाचलेले लेबल जन्माला पुरत नाही. कंपन्या कृती बदलतात, म्हणून दर खेपेला नजर टाकावी.

आपल्या घरातले लपलेले गहू

बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ घातलेले असते, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. रोजच्या आमटीच्या फोडणीतून ते पोटात जाते. तांदळाचे पीठ वापरलेला हिंगही मिळतो, तो लेबल वाचून निवडावा. मेतकुटात पारंपरिक कृतीप्रमाणे थोडे गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात. सातूच्या पिठात गहू किंवा सातू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया आणि लापशी रवा गव्हाचेच. सोया सॉसमध्येही गहू असू शकतो. खपली गहू ‘पथ्याचा’ म्हणून काही जण सुचवतात. मधुमेहाच्या पथ्यात त्याचे काय स्थान आहे तो प्रश्न निराळा. पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सिलिअ‍ॅकला तो चालत नाही.

जिथे लेबल नसते

सुट्ट्या मालाला लेबल नसते. फरसाण, सुटे बेसन, सुटी मिठाई ह्यांच्याबाबत दुकानदाराला विचारूनही खात्री होत नाही, कारण एकाच कढईत, एकाच पळीने अनेक पदार्थ होतात. बटाटावड्याचे आवरण बेसनाचे असते. परंतु त्याच तेलात मैद्याचे सामोसे तळले असतील तर तो वडाही निर्धोक राहत नाही.

सर्वांत मोठा धोका पिठाच्या गिरणीचा. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात आपली ज्वारी पडते, तेव्हा पाव ग्रॅम नव्हे, मूठभर कणीक तिच्यात येते. ‘आधी थोडे तांदूळ दळून घ्या’ हा उपाय पुरेसा नाही. शक्य असेल तर घरगुती चक्की घेऊन तिच्यात गहू कधीच घालू नये. दोन-तीन कुटुंबांनी मिळून अशी चक्की घेतली तर खर्चही वाटला जातो. दळण्यापूर्वी धान्य निवडावे, त्यात गव्हाचे दाणे सापडतात. घरातही पोळपाट-लाटणे, तवा, चाळणी वेगळी ठेवावी.

सण आणि प्रसाद

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रीघ लागते, तेव्हा दुकानांत उपवासाचे जिन्नस पुढे मांडलेले असतात. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा ह्या सगळ्यांत मुळात ग्लूटेन नाही. म्हणजे आपल्या आज्यांनी उपवासासाठी जपलेल्या पदार्थांवर ह्या मुलांचे वर्षभराचे खाणे बसवता येते. त्यांची पिठे मात्र बंद पाकिटातली, लेबल वाचूनच घ्यावीत. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत. दिवाळीत पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे घरच्या जिनसांतून करता येतात. चिवड्यातला हिंग तेवढा तपासावा.

सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा. तो नाकारताना आईचा जीव खाली-वर होतो आणि मूलही ओशाळते. यजमानांना आधी सांगून ठेवावे. केळे किंवा पंचामृत हाही प्रसादच आहे.

तपासणीआधी गहू सोडू नका

हे वाचून कोणी आपणहून गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, ह्या दोन्ही वेळी आहारात गहू असावा लागतो. आधीच सोडला तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. निदान पक्के झाल्यावर रुग्णाच्या आई-वडिलांनी आणि भावंडांनीही रक्त तपासून घ्यावे, कारण त्यांना हा आजार असण्याचा संभव इतरांपेक्षा बराच जास्त असतो. औषधाच्या गोळ्यांतही कधी गव्हाचा स्टार्च असतो, तेव्हा औषध घेताना डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला आपला आजार सांगावा.

मूल वाचू लागले की त्यालाच पाकीट हातात द्यावे आणि त्यातला नको तो शब्द शोधायला सांगावे. सुरुवातीला तो खेळ वाटेल. पुढे शाळेच्या सहलीत, मित्राच्या वाढदिवसाला आई शेजारी नसेल, तेव्हा हीच सवय त्याच्या उपयोगी पडेल.