जपानी पदव्यांची परिभाषा

जपानी भाषेत विद्यापीठीय पदवीला ‘गाकुइ’, व्यवसायासाठी लागणाऱ्या पात्रतेला ‘शिकाकु’ आणि शासकीय परवान्याला ‘मेन्क्यो’ म्हणतात. त्यामुळे तेथील शाळेत शिकवण्यासाठी पदवीखेरीज ‘क्योइन मेन्क्यो’ हा शिक्षकाचा परवानाही लागतो.

• किमान १२४ श्रेयांकांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर ‘गाकुशि’ (स्नातक) आणि त्यापुढे साधारणतः दोन वर्षांत, किमान ३० श्रेयांक व प्रबंधासह, ‘शूशि’ (पदव्युत्तर) पदवी मिळते.

• डॉक्टरेटसाठीची जपानी लिपिचिन्हे औपचारिक संदर्भात ‘हाकुशि’ आणि बोलण्यात ‘हाकासे’ अशी वाचली जातात. अभ्यासक्रम पूर्ण करून मिळवलेली ती ‘कातेइ हाकासे’, तर अभ्यासक्रमाला प्रवेश न घेता केवळ प्रबंध सादर करून मिळवलेली ‘रोन्बुन हाकासे’ होय. प्रबंध पूर्ण न करता, अभ्यासक्रमाचा विहित काळ संपवून बाहेर पडणे म्हणजे ‘मान्कि ताइगाकु’. मानव्यशाखांतील जुन्या पिढीच्या प्राध्यापकांच्या परिचयपत्रांत हा उल्लेख सन्मानाने आढळतो, म्हणून त्याचा अर्थ ‘शिक्षण अर्धवट सोडले’ असा लावणे चुकीचे ठरते.

• पदवी-व्यवस्थेतील १९९१ च्या सुधारणेपूर्वी ‘गाकुशि’ ही पदवी नसून केवळ उपाधी होती. त्याच सुधारणेने पदवीच्या नावातील विषयाची जागाही बदलली आणि ‘बुन्गाकु हाकुशि’ (साहित्याचा डॉक्टर) ही जुनी रचना जाऊन ‘हाकुशि (बुन्गाकु)’ अशी, विषय कंसात लिहिण्याची पद्धत आली.

• स्नातक अभ्यासक्रम पूर्ण होणे ‘सोत्सुग्यो’, तर पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण होणे ‘शूर्यो’. परिचयपत्रात हा भेद पाळावाच लागतो.